'हे' आणि 'ते'

आमच्या गोदीत लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला सगळे 'नवा' म्हणायचे. त्याला येऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या मागून आलेले दोघं-तिघं जुने होऊन सोडूनही गेले, पण हा नवाच राहिला. कारण त्याच्या आधी त्या लिफ्टवर जो माणूस होता, त्याची जागा रिकामी झाली आहे हेच कुणी मनातून मानायला तयार नव्हतं.

त्या आधीच्या माणसाला 'बरोबरदादा' म्हणत. बोट पट्ट्यांवर नीट बसली की केबिनमधून डोकं बाहेर काढून तो "बरोबर!" असं ओरडायचा. पलीकडच्या किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा दचकून उठायची. धिप्पाड, हसरा, सगळ्यांशी गप्पा मारणारा माणूस. एके दिवशी झोपेतच गेला. त्याच्या जागी हा आला. अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं, आधी कुठल्यातरी लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा.

मी गोदीत बोटींना खालून रंग लावतो. बोट पाण्याबाहेर आल्याशिवाय माझं काम सुरू होत नाही, म्हणून दोघांचंही काम मी जवळून पाहिलंय. आणि घरातल्या गोष्टी नव्यानंच मला सांगितल्या, दुपारी डबा खाताखाता, एखाद-दुसरी करत.

लिफ्ट कशी असते ते आधी सांगतो. दोन भिंतींच्या मध्ये पाण्याची एक अरुंद गल्ली असते. तिच्यावर चार चाकांचा उंच लोखंडी सांगाडा उभा असतो आणि त्याच्यातून दोन रुंद पट्टे झोळीसारखे पाण्यात सोडलेले असतात. बोट त्या गल्लीत शिरते, पट्टे तिच्या पोटाखाली येतात, मग सांगाडा तिला वर उचलतो. ऐकायला सोपं वाटतं. पण पट्टे कुठे आले पाहिजेत, त्यावर सगळा खेळ. मागचा पट्टा बोटीच्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यावर आला तर दांडा वाकतो. पुढचा पट्टा फार पुढे गेला तर तिथे बोटीचं पोट वर निमुळतं होत गेलेलं असतं, पट्टा घसरतो आणि बोट नाकावर पडते. शिवाय प्रत्येक बोटीचं वजन वेगळ्या ठिकाणी असतं. एकीचं इंजिन मागे, एकीचं मध्ये. म्हणून वीतभर उचलायचं, थांबायचं, बोटीच्या अंगावरची शेवाळाची रेघ पाण्याशी समांतर आहे का ते बघायचं, आणि नसेल तर खाली सोडून पुन्हा जुळवायचं. त्यातही केबिन एका बाजूला असल्यामुळे पलीकडची बाजू चालवणाऱ्याला दिसत नाही. तिकडे भिंतीवर एक माणूस उभा राहून हातानं खुणा करतो.

बरोबरदादानं या कटकटीवर एक तोडगा काढला होता. एखादी बोट एकदा नीट बसली की पट्टे जिथे आले असतील तिथे, बोटीच्या दोन्ही अंगांना, छोटे पिवळे त्रिकोण काढून ठेवायचे. पुढच्या खेपेला पट्टे त्रिकोणाखाली आणले की झालं. हळूहळू सगळ्या बोटींवर ते त्रिकोण आले. मालकांना त्याचा एवढा अभिमान की बोट पुन्हा रंगवली तरी "त्रिकोण तेवढे सांभाळा हं" असं मला बजावून जात.

नवा कामावर आला तेव्हा त्याला साहेबांनी एवढंच सांगितलं, "फार डोकं लावायची गरज नाही. त्रिकोण बघा आणि उचला."

त्याला ते तेव्हाच लागलं असणार. पण खरी सुरुवात नंतर झाली.

बरोबरदादाची बायको बोटींची ताडपत्रीची आवरणं आणि छतं शिवायची. मापं घ्यायला ती गोदीत यायची, नवरा गेल्यावरही येत राहिली. एकदा केबिनमधल्या कपाटातला नवऱ्याचा स्वेटर न्यायला आली, तेव्हा नव्यानं तो घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. "मी वापरला नाही," तो म्हणाला. तिला त्याचं हसू आलं. त्यानंतर दोघं बोलायला लागली. पुढे सावकाश, कुणाला फारसं न कळता, त्यांनी लग्न केलं आणि नवा तिच्या घरी राहायला गेला. टायरच्या दुकानावरच्या माडीवर दोन खोल्या. एका खोलीत शिवणयंत्र आणि ताडपत्रीच्या गुंडाळ्या, दुसरीत संसार. आणि तिथे बरोबरदादाची आईही होती, कारण तिला दुसरं कुणी नव्हतं.

लोक म्हणाले, याला सगळंच आयतं मिळालं. माणसाची खुर्ची मिळाली, घर मिळालं, बायको मिळाली. नव्याला वाटायचं, मला काहीच मिळालेलं नाही, मी नुसता सांभाळायला ठेवलेला माणूस आहे.

बायकोच्या आधीच्या नवऱ्याच्या आईला काय म्हणावं यासाठी आपल्याकडे नातंच नाही. तो तिला 'आई' म्हणायला लागला. ती त्याला काहीच म्हणायची नाही. काही हवं असलं की भिंतीकडे बघून "अहो, तो दिवा" एवढंच.

बायकोचं वेगळंच. दोन्ही नवऱ्यांचं नाव ती घेत नसे. बोलताना गोंधळ नको म्हणून तिनं आपोआपच एक वाटणी करून टाकली होती. गेलेले ते 'ते', आणि हा 'हे'. "ते झोपायचे खिडकीपाशी, ह्यांना वारा सोसत नाही." व्याकरणानं बघितलं तर 'हे' जवळचे आणि 'ते' लांबचे. पण नवा मला म्हणाला, "ती 'ते' म्हणते ना, तेव्हा तिचा आवाज जरा खाली येतो. कुणी शेजारच्या खोलीत झोपलं असावं तसा. 'हे' ती असं म्हणते, जसं हे टेबल, हे कुलूप."

आणि घरात जिकडेतिकडे तो माणूस. आरसा त्याच्या उंचीनं लावलेला. नव्याला त्यात फक्त डोळे आणि कपाळ दिसायचं, दाढी करायला टाचा उंचवाव्या लागायच्या. मी म्हटलं, "अरे, खिळा काढ आणि खाली लाव. दोन मिनिटांचं काम."

"आणि ती म्हणाली की 'त्यांनी लावला होता', तर?"

"नाही म्हणणार ती."

"मनात म्हणेल," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

असा तो जळायचा. जिवंत माणसावर जळलं तर निदान त्याच्या चुका तरी सापडतात. हा माणूस तर गेलेला, आणि गोदीत तो रोज थोडा थोडा अजून चांगला होत चाललेला.

एकदा त्यानं मला गोणपाटं आणायला लावली. एक मासेमारीची बोट येणार होती. "तिच्या चारही त्रिकोणांवर ओलं गोणपाट टाक," म्हणाला. "माझ्या नजरेनं लावतो. बघू तरी."

मी भिंतींवरून वाकून चारही ठिकाणी गोणपाटं अडकवली. त्यानं बोट आत घेतली, पट्टे लावले, वीतभर उचलली, खाली सोडली, दोर ओढायला लावून बोट थोडी मागे घेतली, पुन्हा उचलली. शेवाळाची रेघ अगदी सरळ. खाली उतरून माझ्याजवळ आला. चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू होतं. मी गोणपाट उचललं. पट्टा बरोबर त्रिकोणाखाली.

"दुसरं," तो म्हणाला. तेही तिथेच.

मी म्हटलं, "अरे, चांगलंच झालं की! तुझी नजर त्याच्याइतकीच पक्की."

"त्याच्याइतकी," तो म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

मग एकदा तरवाल्यानं आगीत तेल ओतलं. तरवाला म्हणजे इकडची माणसं बोटीनं पलीकडे पोचवणारा. बोलघेवडा, पण मनानं साधा. बोलता बोलता म्हणाला, "हे त्रिकोण एकसारखे कसे आलेत माहितीय का? वहिनींचा हात आहे! दादा बोट धरायचा आणि वहिनी छोट्या होडीत उभं राहून ब्रश चालवायच्या. होडी हलायची ना, म्हणून दादा त्यांना कमरेला धरून ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी दोघांचा हाच उद्योग. अशा हसायच्या वहिनी!"

 आतापर्यंत नव्याच्या लेखी त्रिकोण त्या माणसाचे होते. आता ते तिचेही झाले. दर बोट आली की त्याला डोळ्यांपुढे ती हलती होडी दिसायला लागली.

त्याच सुमारास तरवाल्याची बोट रंगवायला वर आली. मी पोट खरवडत होतो. नवा आला, माझ्या हातातून खरवडणी घेतली आणि चारही त्रिकोण खरवडून काढले. मग लाल रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून, थोड्या पुढच्या जागी, चार उभ्या रेघा मारल्या.

"पुढे का?" मी विचारलं.

"पुढे बरोबर आहे."

पुढे बरोबर नव्हतं, त्यालाही माहीत होतं. वीतभर इकडेतिकडे चालून जातं, तेवढ्याच भरवशावर त्यानं ते केलं होतं.

चार दिवसांनी त्याची बायको तरवाल्याच्या बोटीच्या नव्या छताचं माप घ्यायला आली. तिनं बोटीभोवती एक फेरी मारली. लाल रेघेपाशी क्षणभर थांबली. मग माप घेऊन निघून गेली. नवा दोन दिवस भांडणाची वाट बघत बसला. उत्तरं सगळी तयार. भांडण झालंच नाही. तिनं नेहमीसारखं जेवण वाढलं, नेहमीसारखं यंत्र चालवलं. त्याला वाटलं, बोललीसुद्धा नाही म्हणजे किती लागलं असेल! आणि एवढं लागतं म्हणजे किती प्रेम असेल! जळणाऱ्या माणसाला काहीही पुरतं.

काही महिने गेले. मधल्या काळात तरवाल्यानं बोटीत बदल केले. लोकांचं सामान वाढलं म्हणून पुढच्या भागात एक मोठी लोखंडी पेटी बसवली, आणि तिच्याखाली पाण्याची टाकी. मग एका सकाळी पंख्यात कुणाच्या तरी जाळ्याचा दोर गुंतला आणि बोट ओढत गोदीत आणावी लागली.

नेमका त्या दिवशी खुणा करणारा माणूस दाढदुखीनं घरी. आणि नेमकी नव्याची बायको त्याच बोटीच्या छताच्या कड्या बसवायला आलेली. ती पलीकडच्या भिंतीवर उभी होती. तरवाला ओरडला, "वहिनी, तुम्हीच जरा बघा पलीकडनं!"

नव्यानं ते ऐकलं.  बोट आत घेतली, पट्टे लाल रेघांखाली आणले.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी पिवळे त्रिकोण असते तरी ते चुकलेच असते, आणि लाल रेघाही चुकलेल्याच होत्या. बोटीचं वजनच पुढे सरकलं होतं. उचलायला सुरुवात करताच पुढचं टोक जड झालं. आम्हा इकडच्यांना ते लगेच दिसलं नाही, पण पलीकडून तिला दिसलं. पुढचा पट्टा पोटावरून सरकायला लागला होता. तिनं हात वर केला, मूठ आवळली, उघडली आणि तळवा आपल्याकडे ओढून दाखवला. थांबा, खाली सोडा, बोट मागे घ्या.

ती खूण आमच्या खुणा करणाऱ्याची नव्हती. गोदीतल्या सगळ्या जुन्या माणसांना ती ओळखीची होती. बरोबरदादाची खूण.

नव्यानं ती पाहिली. मला केबिनमधला त्याचा चेहरा दिसत होता. तिचा अर्थ त्याला कळला नाही असं मी म्हणणार नाही. त्यानं मान फिरवली आणि उचलत राहिला.

मग एकदमच झालं. पुढचा पट्टा टोकाकडे घसरला, बोटीचं नाक खाली गेलं, मागचा भाग वर उठला. आतली बाकं घडघडत पुढे आली.  "सोड! खाली सोड!" आम्ही सगळेच ओरडत होतो. नव्यानं सोडली. पण तोवर नाक भिंतीला घासत गेलं आणि पुढचा लाकडी कठडा कडकड मोडला. बोट पाण्यात आपटली, डुलली आणि स्थिर झाली. सुदैवानं आत कुणी नव्हतं.

साहेब आले, बघितलं आणि म्हणाले, "आज हात लावू नका. उद्या सकाळी." त्या दिवशी पलीकडे जाणाऱ्या सगळ्यांना लांबच्या पुलावरून वळसा घालावा लागला, आणि जाताना प्रत्येकानं बरोबरदादाची आठवण काढली.

संध्याकाळी घरी काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं.

बायकोनं दार लावलं आणि विचारलं, "दिसली होती ना खूण?"

"दिसली."

"मग?"

"त्याची होती."

"मला दुसरी येत नाही!" ती म्हणाली. "मला कुणी शिकवलीच नाही दुसरी. तुम्ही शिकवलीत? मी काय करू, त्यांच्याबरोबरची वर्षं खरवडून काढू? बोटीवरचं पुसलंत तेव्हा मी बोलले नाही. म्हटलं, होईल शांत. आज बोटीत माणूस असता तर?"

तो म्हणाला, "तू त्याच्यासाठी होडीत उभी राहायचीस. हसायचीस. माझ्यासमोर कधी हसलीस तशी?"

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "कोण म्हणालं हसायचे? रडायचे मी! पोहता येत नाही मला. आणि ते मला न्यायचे कशासाठी माहितीय? मी घरी बसून कुणाकुणाची आवरणं शिवते, कोण मापं द्यायला येतो, ते त्यांना बघवायचं नाही. डॉक्टरांच्या बोटीचं छत शिवलं तर आठवडाभर बोलले नव्हते. डोळ्यांसमोर असावी म्हणून होडीत. तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात, मला कुठून असले भेटतात कुणास ठाऊक!"

 नव्याच्या तोंडून निघून गेलं, "आठवडाभर?"

"हो."

"मी कधी एवढा अबोला धरला नाही."

"म्हणजे तेही तुम्हाला कमी पडलं का?" ती म्हणाली आणि रागातच तिला हसू फुटलं. त्याला मात्र हसू आलं नाही. त्या माणसाचा मत्सरसुद्धा आपल्यापेक्षा मोठा होता, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं.

कोपऱ्यात म्हातारी बसली होती. एवढा वेळ भिंतीकडे बघत होती. ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली.

"तुला माझ्या पोराचा हेवा वाटतो होय?" तिनं विचारलं. अहो नाही, जाहो नाही, सरळ तू. "मला कुणाचा वाटतो, विचार."

त्यानं मान वर केली.

"तुझा. रोज जिना चढून येतोस ना, पायांचा आवाज येतो, त्या आवाजाचा. जेवताना भांडं आपटतोस त्याचा. सर्दी होते तुला, शिंकतोस, त्याचाही वाटतो. ते पोर काय घेऊन बसलंय रे तुझं? त्याच्याकडे आहे काय?"

 बायकोनं उठून म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. नवा खालच्या दुकानातून येणारा टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज ऐकत बसला. मला सांगताना म्हणाला, "मला वाटायचं, त्या घरात सगळ्यांना सगळं मिळालेलं आहे आणि मीच तेवढा उपाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यानं बायकोला विचारलं, "येतेस का? पलीकडे उभी राहशील?"

"मला त्यांच्याच खुणा येतात," ती म्हणाली.

"त्याच कर."

आम्ही सगळे जमलो होतो. तरवाला मोडक्या कठड्याला हात लावून उभा होता आणि एकदाचा गप्प होता. नव्यानं बोट आत घेतली. लाल रेघेकडे त्यानं बघितलं नाही. दोरांनी बोट मागे ओढायला लावली, म्हणजे पट्टे पोटाखाली पुढे येतील. वीतभर उचलली. पलीकडून मूठ वर गेली. तो थांबला. नाक अजून थोडं जड होतं. खाली सोडली, आणखी हातभर मागे घेतली. दोन्ही पट्टे एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून मध्ये दोर बांधायला लावला. पुन्हा उचलली. तिनं वाकून बघितलं, मागचा पट्टा पंख्याच्या दांड्यापासून मोकळा आहे का ते. मग बाजूला सरकून रेघ बघितली आणि तळवा आडवा धरला. त्यानं उचलली. बोट पाण्यातून सरळ वर आली, पोटावरून पाणी गळत, ताट उचलावं तशी.

कुणी ओरडलं नाही. नव्याला तशी सवयच नव्हती. तो केबिनमधून उतरला, भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला आणि बायकोला म्हणाला, "दांड्यापाशी मला अजिबात दिसत नव्हतं." ती म्हणाली, "मला कळलं ते. कालही."

मत्सर असा एका दिवसात जात नाही. तो अजूनही आहेच. खुणा करणारा दाढ काढून परत आला तरी अवघड बोट असली की साहेब वहिनींना बोलावतात, आणि त्या आल्या की जुनी माणसं हटकून दादाची आठवण काढतात. तेव्हा नवा माझ्याकडे येतो आणि उगाचच माझ्या रंगात खोड काढतो. मी काढू देतो.

पण त्या संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा म्हातारी दाराकडे तोंड करून बसली होती. तो बूट काढत होता. तिनं विचारलं, "बसली का बोट?"

"बसली."

"कुठल्या बाजूला जड होती?"

आपल्याला कुणी असं विचारेल हे त्याला अपेक्षितच नव्हतं. तो एक बूट हातात धरूनच तिच्यासमोर बसला आणि सांगायला लागला. पेटी कुठे बसवलीय, टाकीत पाणी किती होतं, पट्टा कुठून घसरला. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, "टाकी आधी रिकामी करायची नाही का?"

नव्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "हो. ते राहिलंच."

"विसरू नको पुढच्या वेळी," ती म्हणाली, आणि आत वळून सुनेला सांगितलं, "वाढ गं याला."